आधी पाणी

आमच्या ऑफिसात ‘पाणी’ हा इंग्रजी शब्द होता. नवी वेबसाइट बघायला मंडळी गोळा झाली की कुणीतरी मागून हमखास विचारायचं, “हॅज इट गॉट पाणी?” उच्चार ‘पार्नी’ असा काहीतरी व्हायचा. मधला ‘र’ कुठून यायचा देव जाणे, पण अर्थ बिनचूक असायचा. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या त्या बिझनेस पार्कात हा शब्द आणला मंदाताई गजभिये यांनी.

ज्यांनी तो काळ पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. दोन हजार साल उलटून गेल्यावरची ती पहिली काही वर्षं. वेबसाइट उघडली तरी उघडायची नाही. आधी एक पाटी यायची, की ही साइट बघायला अमुक प्लगइन हवं, म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवर आणखी एक तुकडा उतरवून घ्या, बसवा, कॉम्प्युटर बंद करा, परत चालू करा. एवढं सगळं निमूट केलंत की मग लोडिंग. आकडा मुंगीच्या पावलांनी शंभराकडे सरकायचा. मग काळा पडदा, ढणढण संगीत, आणि कंपनीचं नाव आकाशातून गिरक्या घेत यायचं. ‘स्किप इंट्रो’ अशी बारीक अक्षरं कोपऱ्यात असायची, असलीच तर. आणि तुम्हाला बिचाऱ्यांना हवं काय असायचं? दुकान रविवारी उघडं असतं का, एवढंच.

हा तमाशा लोकांना बनवून देणं हाच आमच्या कंपनीचा धंदा. मालक डंकन, कायम काळा टीशर्ट आणि कायम कुठल्यातरी बक्षिसाच्या मागे. गॅरेथ नावाचा वेल्सचा पोरगेलासा माणूस ॲनिमेशन करायचा, आणि करायचा मात्र झकास. मी पुण्याहून वर्क परमिटवर आलेली, पडद्यामागचा डेटाबेस सांभाळायचे, म्हणजे ज्याला कुणी बक्षीस देत नाही ते काम. मंदाताई टेस्टर. तयार झालेली साइट गिऱ्हाइकाच्या हाती पडण्याआधी त्यातल्या चुका, म्हणजे बग, काढायच्या आणि शेवटी सही करायची. त्यांच्या सहीशिवाय काही बाहेर जायचं नाही, हा नियम डंकननेच एका मोठ्या गिऱ्हाइकावर छाप मारायला केला होता. तेव्हापासून तो पस्तावत होता.

मंदाताई नागपूरच्या. बुटक्या, जाड काचेचा चष्मा, स्वतः विणलेलं जांभळं कार्डिगन आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट अशासाठी, की मिल्टन कीन्समध्ये जिथे शेजारच्या दुकानातून दूध आणायलाही लोक गाडी काढतात, तिथे ही बाई सगळीकडे चालत जायची. रस्त्यांपासून वेगळ्या काढलेल्या तिथल्या लाल पायवाटांवर, ज्यांना रेडवे म्हणतात, त्यांच्याइतकं कुणी चाललं नसेल. टेबलावर एक स्टीलचा पेला, कायम भरलेला. आणि साइट तपासायची त्यांची एक रीत होती. आधी खुर्ची मागे सरकवायच्या, कार्डिगनची बटणं लावायच्या, केसांवरून हात फिरवायच्या आणि पडद्याकडे बघून हळूच म्हणायच्या, “आहे का कोणी घरात?” मग क्लिक.

मी पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही.

त्या दिवशी समोर होती एका रेस्टॉरंटची साइट. गॅरेथने त्यात जीव ओतला होता. काटे-चमचे फेर धरून नाचतात, मग ताट येतं, ताटावरचं झाकण वर जातं, आतून वाफ निघते आणि वाफेचं होतं रेस्टॉरंटचं नाव. मंदाताई हाताची घडी घालून शेवटपर्यंत बसल्या. मग त्यांनी चुकांच्या यादीत इंग्रजीत एकच ओळ टाकली, ‘पाणी’ तेवढं मराठीच ठेवून: ‘पाहुणा आला. पाणी दिलं नाही.’

डंकन ती ओळ घेऊन टेबलाशी आला. हा सॉफ्टवेअरमधला काही नवीन शब्द आहे का, असं त्याने अगदी अदबीने विचारलं. एखादी गोष्ट कळली नाही की इंग्रज माणूस फार नम्र होतो.

“हे पाहा डंकन,” मंदाताई म्हणाल्या. त्यांचं इंग्रजीसुद्धा अस्सल नागपुरी होतं, वाक्यावाक्याला ‘बाप्पा’ यायचा. “माझ्या घरी कोणी उन्हातून आलं तर मी काय करते? आधी पाणी देते. बसायला सांगायच्याही आधी. तुझ्या घरी माणूस आला, तर तू त्याला दारातच उभा केला, दिवे घालवले आणि त्याच्यापुढे नाचून राहिला.”

“तो एक अनुभव आहे,” गॅरेथ म्हणाला. दुखावला होता बिचारा.

“अनुभव तर आहेच,” मंदाताई म्हणाल्या. “मी भुकेली आली. तू मला ताट फिरवून फिरवून दाखवलं आणि टेबल बुक करायचं बटन वाफेखाली दडवलं. जन्मभर नाही विसरणार.”

डंकन हसला. चेष्टा म्हणून त्याने तो शब्द उचलला, आणि चेष्टेत उचललेला शब्द कसा जिभेवरून उतरत नाही, तसं झालं. महिन्याभरात सगळं ऑफिस पाणी मागायला लागलं.

मी पुण्याची हे कळल्यावर मंदाताईंनी मला नाव असूनही कधी नावाने हाक मारली नाही. “पुणेकर, तुले नाही समजणार पाण्याचं. तुमच्याकडे पाहुणा आला की विचारतात, पाणी पिऊनच आला असाल नं?” मी म्हणायचे, “निदान विचारतो तरी.” यावर त्या खो खो हसायच्या, आणि हसता हसता डब्यातला अर्धा झुणका माझ्या ताटलीत टाकायच्या. झुणका इतका तिखट, की खरोखरच आधी पाणी लागायचं.

चुका शोधताना त्यांचं तोंड सुरू असायचं. एका जिम आणि स्विमिंग पूलवाल्यांसाठी गॅरेथने मेन्यूच ठेवला नव्हता. पाण्यातून बुडबुडे वर यायचे, आणि माउस नेल्यावरच कळायचं की हा बुडबुडा पोहण्याच्या वेळांचा, हा बॅडमिंटनचा. शिवाय माउस जवळ आला की बुडबुडा लाजून बाजूला सरकायचा. मंदाताई बराच वेळ त्यांच्यामागे धावल्या. “चिलटं मारून राहिली का मी इथे?” त्या मराठीत ओरडल्या आणि सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. शेवटी एक बुडबुडा गावला, आत वेळापत्रक दिसलं, आणि एक पान मागे जावं म्हणून त्यांनी बॅकचं बटण दाबलं, तर साइट पुन्हा पहिल्यापासून सुरू. पडदा, संगीत, बुडबुडे.

“सापशिडी आहे ही,” त्या म्हणाल्या. “अठ्ठ्याण्णववर साप. आणि शिडी कुठी आहे, तर प्लगइनमध्ये.”

गॅरेथवर मात्र त्यांचा राग नव्हता. तो सुट्टी न घेता आजारी अंगाने कामाला आला की याच बाई त्याला गवती चहा करून पाजायच्या. “पोट्टं गुणी आहे,” मला सांगायच्या. “हात चांगला आहे त्याचा. फक्त त्याला कोणी सांगितलं नाही की लोक घाईत असतात.”

घरी त्यांची मुलगी मुक्ता होती. नवरा नागपूरला, आणि तो तिथेच बरा, यापलीकडे मंदाताई त्याच्याविषयी बोलल्या नाहीत. मुक्ता दहा-अकरा वर्षांची असताना इथे आली. इंग्रजी तिने झटक्यात उचललं आणि मराठीतली लिंगं बहुधा विमानातच सांडली. “आई, माझा चप्पल कुठे गेला?” “आई, मला भूक लागला.” मंदाताई तिला एकदाही सोडायच्या नाहीत. “लागली. बग नंबर एक.” “गेली. बग नंबर दोन.” मुक्ता डोळे फिरवायची. “आई, यू आर सच हार्ड वर्क,” म्हणजे तू फार डोक्याला ताप आहेस, असं म्हणायची, आणि तेच वाक्य मराठीत आणायला गेली की “तू खूप कष्ट आहे,” असं व्हायचं. आणखी एक बग.

वर्षातून एकदा मंदाताई पांढरी साडी नेसायच्या, वर कोट घालायच्या आणि मुक्ताला घेऊन लंडनला जायच्या, कॅमडेनमधल्या एका साध्या घरासमोर उभं राहायला. तिथे विद्यार्थी म्हणून कोण राहिलं होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. एकदा मीही गेले होते. त्या काळात तिथे आत जाता यायचं नाही, समोरच्या फुटपाथवरून बघायचं. वारा बोचरा होता आणि मुक्ताची कुरकुर सुरू होती. मंदाताई तिला म्हणाल्या, “इथे एक माणूस अर्धपोटी राहून शिकला. तुझ्या खोलीत हीटर आहे. तुझं शिक्षण झालं की मग कर काय कुरकुर करायची ती.” मुक्ताने हात खिशात घातले आणि त्या घराकडे नीट बघितलं. आणि मला कळलं की ही बाई या देशात कशासाठी टिकून आहे.

त्यात मुक्ता ए लेव्हलच्या, म्हणजे आपल्याकडच्या बारावीच्या, शेवटच्या वर्षाला आली, आणि त्याच वर्षी मंदाताईंचं परमिट संपत होतं. परमिट माणसाने मागायचं नसतं, कंपनीने त्याच्यासाठी मागायचं असतं. डंकनने कागद पाठवले तर राहायचं, नाही पाठवले तर मुलीचं वर्ष अर्ध्यावर टाकून नागपूर. कागद डंकनच्या टेबलावर होते. आणि त्याच सुमाराला आमच्याकडे काम आलं अंत्यसंस्कारवाल्यांचं.

दोन म्हातारे भाऊ होते. बापजाद्यांपासून हाच धंदा. दोघेही इतके हळू बोलायचे की ऐकायला पुढे वाकावं लागायचं. त्यांना साधी साइट हवी होती. पण डंकनला वाटलं, या धंद्यात अजून कुणी बक्षीस मारलेलं नाही.

मग काय विचारता! जांभळ्या मखमलीचा पडदा हळूहळू उघडतो. मागे मेणबत्त्या, एकेक करून पेटतात. हार्पचं संगीत. मग डावीकडून एक पांढरं कबुतर उडत येतं, पूर्ण पडदाभर एक घिरटी घालतं आणि खिडकीच्या चौकटीवर बसतं. फोन नंबर कुठे आहे? कबुतरावर क्लिक केलं की कबुतर पंख पसरतं, आणि नंबर पंखावर. कबुतर बसायच्या आत क्लिक करायला गेलात तर ते उडून जातं.

मी ते पाहिलं आणि तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाले. हसू आवरेना. परत आले तर मंदाताई तशाच बसलेल्या. कार्डिगनची बटणं लावलेली, आणि त्या हसत नव्हत्या. यादीत त्यांनी लिहिलं होतं: ‘पाणी नाही. सही करणार नाही.’

डंकन स्वतः आला. खुर्ची ओढून बसला. “मंदा, सोमवारी दोघे भाऊ बघायला येणार आहेत. एवढं एक पार पडू दे, मग तुझे ते कागद घेऊन निवांत बसू.” आवाज अगदी गोड. धमकी देताना इंग्रज माणूस आवाज चढवत नाही, उलट बिस्किट पुढे करतो. त्याने खरंच बिस्किट पुढे केलं.

“नंबर वर आण,” मंदाताई म्हणाल्या. “पडद्याच्याही वर. साध्या अक्षरात. मग तुझं कबुतर पाहिजे तितकं उडू दे.”

“त्याने डिझाइन मोडतं.”

“मग सही नाही.” बिस्किट त्यांनी घेतलं. अन्नावर त्यांचा राग नसायचा.

त्या संध्याकाळी पाऊस होता. मी गाडी ऑफिसातच ठेवली आणि त्यांच्याबरोबर रेडवेवरून चालत निघाले, छत्री एकच. मला राहवेना. “ताई, एक सही करा आणि मोकळ्या व्हा. कबुतर राहिलं तर जग बुडणार नाही. मुक्ताचं वर्ष बुडेल. तुमच्या पाहुणचारापायी पोरीचं नुकसान का?”

त्यांनी वाटेतलं एक डबकं ओलांडलं.

“पाहुण्याची ती गोष्ट इंग्रजांसाठी आहे,” मग म्हणाल्या. “त्यांना तेवढीच पुरते. तुले खरी सांगते. माझी आई उमरेडकडच्या एका खेड्यातली. गावात विहीर होती, दगडी, मोठी देखणी. आमच्या लोकांनी हात लावायचा नाही. घागर घेऊन दूर उभं राहायचं. कोणाच्या मनात आलं तर तो काढून वरून ओतणार. नाही आलं मनात, तर उभं राहायचं. ऊन असो का काही असो. आई म्हणायची, पाणी दिसत होतं वं. एवढं जवळ दिसत होतं.”

मी छत्री धरून चालत होते.

“त्या विहिरीच्या कठड्यावर नक्षी होती म्हणे. वेलबुट्टी, मोर. आई म्हातारी झाली, माणसांची नावं विसरली, पण ती नक्षी सांगायची. तेवढंच पाहायला भेटायचं नं तिला.” त्यांनी नाक पुसलं. “कोणाचा नवरा गेला, ती बाई नंबर शोधून राहिली, आणि हे तिला कबुतर दाखवून राहिले. मी सही केली नं पुणेकर, तर मुक्ताला काय शिकवू? तिथे शिकून मोठी हो आणि तूही नक्षी काढ?”

आमच्या घरातली माणसं अशा विहिरींच्या कुठल्या बाजूला उभी असत, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. ज्या तोंडाने इतके दिवस पाण्यावरून टोमणे मारले त्या तोंडाची मला लाज वाटली.

“छत्री नीट धर,” मंदाताई म्हणाल्या. “सगळं पाणी माझ्या खांद्यावर गळून राहिलं.”

सोमवारी दोघे भाऊ आले. काळे सूट, टोप्या मांडीवर. डंकनने दिवे मंद केले. तेवढ्यात मंदाताई उभ्या राहिल्या. “डंकन, आपण यांना लेखी दिलंय की साइट एका खऱ्याखुऱ्या माणसाकडून वापरून घेऊ. तो माणूस राहिला होता. मी आणलाय. बाहेर बसलाय.”

डंकनच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते कुठल्याही प्लगइनने दाखवता आलं नसतं. पण दोघे भाऊ “हो, हो, जरूर” म्हणाले, त्यामुळे त्याला गिळावं लागलं.

आत आली मंदाताईंची शेजारीण डोरीन. सत्तरीची, केस नीट सेट केलेले, हातात पर्स घट्ट धरलेली. तिचा नवरा रॉन त्याच हिवाळ्यात गेला होता. त्या आठवड्यात मंदाताईंनी रोज तिच्याकडे वरण-भात पोचवला होता. डोरीन त्याला यलो सूप म्हणायची. काय करायचंय हे मंदाताईंनी तिला एवढंच सांगितलं होतं, की समज रॉन आत्ता गेलाय, आणि तू या लोकांना शोधतेयस.

डोरीन पडद्यासमोर बसली. मखमल उघडली. मेणबत्त्या पेटायला लागल्या, एकेक, एकेक. हार्प वाजत होता. डोरीनने माउस हातात धरला होता पण कुठे न्यायचा तिला कळेना. कबुतर आलं, घिरटी घातली, आणि तिने बिचकून माउस हलवला तसं उडून गेलं. संगीत परत पहिल्यापासून. ती थोडा वेळ थांबली, वाट बघत. मग आमच्याकडे वळली.

“फारच सुंदर आहे,” ती म्हणाली, कारण ती भली बाई होती. “पण मी फोन कुणाला करू?”

गॅरेथ जमिनीकडे बघत होता. थोरला भाऊ उठला, खिशातून आपलं कार्ड काढलं आणि डोरीनच्या हातात दिलं. मग डंकनकडे वळून, नेहमीच्याच हळू आवाजात म्हणाला, “आम्ही खरं तर एवढंच करतो. फोन उचलतो.”

नंबर वर गेला, साध्या काळ्या अक्षरात, पडद्याच्याही वर. तो गॅरेथने स्वतः बसवला, त्याच दुपारी, कुणी सांगायची वाट न बघता. मग मंदाताईंनी सही केली. बक्षिसासाठी साइट पाठवायचं डंकनने रद्द केलं.

पुढच्या आठवड्यात त्याने मंदाताईंना केबिनमध्ये बोलावलं. काचेची केबिन होती, आम्ही सगळे काम करत असल्याचं सोंग करत बघत होतो. डंकन उठला, कोपऱ्यातल्या कूलरमधून प्लास्टिकच्या ग्लासात पाणी भरलं, त्यांच्यासमोर ठेवलं. गॅरेथने माझा दंड दाबला. मलाही वाटलं, जिंकलो.

मंदाताई बाहेर आल्या त्या थेट माझ्या टेबलाशी. “शिकला बाप्पा,” म्हणाल्या. “आधी पाणी दिलं, आणि मग नाही म्हणाला.”

कागद तो पाठवणार नव्हता. धंद्याची दिशा बदलतेय, टेस्टिंग आता बाहेरून करून घेऊ, असलं काहीतरी. मला इतका संताप आला की मी त्याच्या केबिनकडे निघाले होते. मंदाताईंनी माझी बाही धरली. “बस चूपचाप. तुझंही परमिट त्याच्याच हाती आहे. दोघींनी उपाशी राहून काय कबुतरं उडवायची?” आणि पेला उचलून सगळं पाणी प्यायल्या. पेला दाताला लागून वाजला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. रोज अर्ज, रोज नकार. नोकरी देणाऱ्या कंपन्यांच्या साइटी तर अशा, की अर्धा अर्ज भरला की प्लगइन आडवं पडायचं आणि सगळं पुसलं जायचं. मंदाताई तिथेही चुका काढून त्या कंपन्यांना कळवायच्या. मी म्हटलं, ताई, नोकरी मागताय की परीक्षा घेताय? पण त्यातल्याच एका क्रॉयडनच्या कंपनीने उलट फोन केला, की बाई, आमच्या अर्जातली चूक तुम्ही काढलीत, तुम्ही येऊन भेटता का? परमिट त्यांनी मागितलं. मिळालं, अगदी काठावर.

पण मिल्टन कीन्सहून लंडनच्या पार पलीकडचं क्रॉयडन रोज जमणारं नव्हतं आणि मुक्ताची शाळा बदलण्यात अर्थ नव्हता. तेव्हा डोरीन म्हणाली, “माझ्याकडे एक खोली आहे, तिच्यात कुणी नाही.” मुक्ता तिकडे राहायला गेली. मंदाताई क्रॉयडनला एका खोलीत. शुक्रवारी संध्याकाळी त्या ट्राम, मग दोन गाड्या बदलून यायच्या, रविवारी परत. परत जाताना डोरीनचा फ्रीज डब्यांनी भरलेला असायचा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच ऑगस्टमध्ये, निकालाच्या दिवशी. त्यानंतर मी पुण्याला परतले, मग फोनच. मंदाताईंनी मुक्ताला बजावलं होतं की निकाल फोनवर सांगायचा नाही, मला तोंड पाहायचंय तुझं. मी त्यांना स्टेशनवर घ्यायला गेले. उकाडा जबरदस्त होता, ट्रेन उशिरा आली. वाटेत राउंडअबाउटमागून राउंडअबाउट, तिथले ते गोल चौक, येत होते, आणि एरवी त्यांच्यावर हटकून काहीतरी बोलणारी बाई खिडकीबाहेर बघत होती. कार्डिगनची बटणं मात्र लावलेली होती.

दार मुक्ताने उघडलं. मागे डोरीन, तोंडावर हात धरून. मुक्ता दारात आडवी उभी, हातात तो स्टीलचा पेला.

“आधी पाणी,” ती म्हणाली.

“मरू दे पाणी,” मंदाताई म्हणाल्या. “निकाल सांग.”

“नो पाणी, नो एंट्री.”

मंदाताईंनी पेला हिसकावला आणि उभ्याउभ्याच गटागटा रिकामा केला. अर्धं पाणी कार्डिगनवर सांडलं. पेला खाली आला तेव्हा चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या, आणि ते सगळंच काही पेल्यातलं पाणी नव्हतं.

“मिळाला, आई,” मुक्ता म्हणाली. “युनिव्हर्सिटीत जागा मिळाला.”

माझ्या तोंडून ‘मिळाली’ निघायच्या बेतात होतं. आम्ही पुण्याची माणसं लग्नाच्या पत्रिकेतलंही शुद्धलेखन तपासतो. मंदाताईंनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

“पुणेकर, चूप,” त्या म्हणाल्या. “एकही बग नाही.”

मुक्ताने त्यांच्या हातातला पेला काढून घेतला, आत गेली आणि भरून परत घेऊन आली. कुणी मागितला नव्हता.